देवदत्त : तथागतांचा भाऊ

अजिंठ्याच्या सतराव्या क्रमांकाच्या लेण्यात, ओसरीच्या भिंतीवर, राजगृहातील नालागिरी हत्तीचा प्रसंग रंगविलेला आहे. पिसाळलेला हत्ती रस्त्यातून धावत सुटला आहे, माणसे जीव मुठीत धरून पाहत आहेत आणि पुढे तोच हत्ती तथागतांच्या चरणांशी वाकला आहे. रंग बरेच उडाले आहेत, तरी बोट ठेवून दाखविले म्हणजे मुलांना चित्र दिसू लागते. शाळेची सहल घेऊन आम्ही तेथे अनेकदा गेलो आहोत. हा हत्ती सोडविण्याची मसलत देवदत्ताची, असे आम्ही नेहमीच्या सवयीने सांगितले, तेव्हा वसतिगृहातील सातवीच्या एका मुलाने विचारले, की सर, तो त्यांचा सख्खा भाऊ होता का?

चुलतभाऊ होता, असे सांगून आम्ही पुढच्या चित्राकडे वळलो. त्या मुलाचा थोरला भाऊ याच वसतिगृहात दहावीला होता आणि दोघांत वर्षभर बोलणे नव्हते, हे आम्हांला पुढे कळले. त्याला दिलेले उत्तर अपुरे होते आणि पालि परंपरेप्रमाणे पाहिले तर चुकीचेही होते. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा तेच उत्तर नीट लिहावे असे ठरविले.

नाते असे होते. शुद्धोदनाची बहीण अमिता देवदहाच्या सुप्पबुद्धास दिली होती आणि सुप्पबुद्धाच्या बहिणी महामाया व महाप्रजापती शुद्धोदनाच्या घरी आल्या होत्या. आपल्याकडे ज्याला साटेलोटे म्हणतात, तसाच हा प्रकार. देवदत्त हा सुप्पबुद्ध व अमिता यांचा मुलगा. म्हणजे सिद्धार्थाच्या आत्याचाही मुलगा आणि मामाचाही मुलगा. सिंहली परंपरेतील ग्रंथ यशोधरेला सुप्पबुद्धाचीच कन्या मानतात. त्या हिशेबाने देवदत्त सिद्धार्थाचा मेहुणा आणि राहुलाचा सख्खा मामा ठरतो. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात यशोधरेला दंडपाणीची कन्या म्हटले आहे, कारण तशीही एक परंपरा आहे. उत्तरेकडील ग्रंथांत देवदत्त चुलतभाऊ आहे आणि आनंदाचा सख्खा भाऊ आहे. यांतील कोणतीही वंशावळ धरली, तरी माणूस घरातलाच राहतो.

त्याच्या बालपणाच्या गोष्टी सर्वांना पाठ आहेत. राजहंसाची गोष्ट तर आम्ही स्वतः वर्गात शेकडो वेळा सांगितली असेल. एकाने बाण मारला, दुसऱ्याने वाचविला, आणि हंस कोणाचा याचा निवाडा झाला. ‘ललितविस्तर’ या संस्कृत ग्रंथात सिद्धार्थासाठी आणलेला पांढरा हत्ती तरुण देवदत्त मत्सरापोटी एका तडाख्यात मारतो. जातककथांनी तर वैर मागल्या जन्मांपर्यंत नेले. सेरिवाणिज जातकात दोन फेरीवाले व्यापारी आहेत. गरीब आजी आणि नातीची सोन्याची थाळी कवडीमोलाने लाटू पाहणारा व्यापारी तो देवदत्त, आणि खरी किंमत सांगून ती घेणारा तो बोधिसत्त्व. वैराचा आरंभ तेथूनच, असे ही कथा सांगते. छद्दंत हत्तीचे दात कापणारा व्याधही देवदत्तच. अजिंठ्याच्या दहाव्या आणि सतराव्या लेण्यांत ती कथा रंगविलेली आहे. हे सगळे शिकून आमचे विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहीत, की देवदत्त लहानपणापासून दुष्ट होता, आणि आम्ही त्या वाक्याला पूर्ण गुण देत असू.

आता तसे गुण द्यावेसे वाटत नाहीत. राजहंसाची कथा पालि त्रिपिटकात नाही, ती मागाहून आलेली आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात, संघभेदाच्या प्रकरणात, देवदत्ताची हकिकत सविस्तर येते आणि ती सर्वांत जुन्या नोंदींपैकी आहे. तथागतांविषयी देवदत्ताच्या मनात पहिली अढी केव्हा बसली, हे त्या प्रकरणात स्पष्ट नोंदविले आहे. ती वेळ बालपणाची नाही. तेव्हा दोघेही म्हातारपणाकडे झुकलेले होते आणि देवदत्ताच्या अंगावर कित्येक वर्षांचे चीवर होते. एक चांगला माणूस पाऊणशे पायऱ्या चढून गेल्यावर घसरला, असा त्या नोंदीचा अर्थ होतो. दुष्ट जन्मला आणि दुष्टच राहिला, ही गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकणाऱ्याला सोयीची आहे. ती ऐकताना आपल्यापैकी कोणालाही स्वतःकडे पाहावे लागत नाही.

तो चांगला माणूस होता, याचा पुरावा त्याच प्रकरणाच्या आरंभी आहे. मल्लांच्या अनुपिया गावी तथागत मुक्कामास असताना भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किंबिल आणि देवदत्त हे सहा कुलीन तरुण घर सोडून निघाले. सोबत त्यांचा न्हावी उपाली होता. सरहद्द ओलांडल्यावर त्यांनी अंगावरचे दागिने उतरवून उपालीला दिले आणि यावर तुझा चरितार्थ चालेल, तू परत जा, असे सांगितले. उपाली परत निघाला, पण त्याच्या मनात आले, की शाक्य तापट आहेत, आमची मुले याने पळविली म्हणून ते मला ठार करतील. त्याने ते गाठोडे झाडाला टांगले, घेईल त्याचे असे म्हणून, आणि तो मागे वळून या सहा जणांना गाठून त्यांच्याबरोबर चालू लागला. तथागतांसमोर आल्यावर त्या सहा जणांनी स्वतः होऊन विनंती केली, की आम्ही शाक्य गर्विष्ठ आहोत, हा न्हावी आमची सेवा करीत आला आहे, म्हणून याला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हांला याच्या पुढे उठून उभे राहावे लागेल, हात जोडावे लागतील आणि आमचा गर्व उतरेल. तसेच झाले. संघात ज्येष्ठता दीक्षेच्या क्रमाने मोजली जाते. उपाली ज्येष्ठ झाला, आणि त्याच्या हाताखाली नखे-केस काढून घेतलेले सहा क्षत्रिय तरुण त्याच्यापुढे वाकले.

जातिव्यवस्थेच्या डोक्यावर ठेवलेला हा पाय आम्ही दरवर्षी मोठ्या अभिमानाने शिकवितो. त्या सहा जणांत देवदत्त होता, एवढे मात्र सांगायचे राहून जाते.

पुढची वाटचाल सर्वांची सारखी झाली नाही. भद्दिय वर्षाच्या आतच अर्हत झाला. अनुरुद्धाला दिव्य दृष्टी लाभली, आनंदाने सोतापत्तीचे फळ मिळविले. देवदत्ताला ऋद्धी मिळाली, आणि तीही सामान्य माणसाला मिळते तशी, असे विनयाचे शब्द आहेत. ऋद्धी म्हणजे चमत्कार, हा अर्थ आम्ही मानीत नाही. लोकांवर छाप पाडण्याचे सामर्थ्य, एवढाच अर्थ घ्यावा. ते त्याच्यापाशी भरपूर होते. राजगृहात सारिपुत्तांनी त्याची मुक्तकंठाने स्तुती केली होती, हेही नोंदलेले आहे. पण बरोबर निघालेले पुढे गेले. बाहेरून आलेले मगधचे दोन ब्राह्मण, सारिपुत्त आणि मोग्गल्लान, अग्रश्रावक झाले. कालचा न्हावी विनयधरांत अग्रगण्य ठरला. आनंद सदैव तथागतांच्या निकट राहू लागला. आत्याच्या आणि मामाच्या या मुलाच्या वाट्याला विशेष असे काही आले नाही. येथे त्याच्या मनात काय चालले असेल, हा आमचा तर्क आहे, नोंद नाही. मात्र मत्सर परक्याचा होत नाही, ज्याच्याबरोबर आपण एका ओळीत उभे होतो त्याचा होतो, हे आम्ही छत्तीस वर्षांच्या मास्तरकीत गुणपत्रकांच्या दिवशी पुष्कळदा पाहिले आहे.

कोसंबीला असताना देवदत्ताच्या मनात आले, की कोणाला वश केले असता आपल्याला लाभ आणि सत्कार मिळेल. त्याने मगधाचा तरुण राजपुत्र अजातशत्रू निवडला. राजपुत्र सकाळ-संध्याकाळ पाचशे रथ घेऊन त्याच्या भेटीला येऊ लागला आणि पाचशे भांडी शिजलेले अन्न त्याच्यासाठी येऊ लागले. आकडे ग्रंथकारांच्या सवयीचे आहेत, अर्थ लक्षात यावा. मग तो प्रसंग घडला. राजासह मोठी सभा भरली असताना देवदत्त उठला, उपरणे एका खांद्यावर घेतले, हात जोडले आणि म्हणाला, की भगवान आता वृद्ध झाले आहेत, त्यांनी स्वस्थ राहावे, भिक्खू संघ माझ्या हवाली करावा, मी तो चालवीन. तथागतांनी दोनदा नकार दिला. तिसऱ्यांदा विनंती झाली तेव्हा ते म्हणाले, की सारिपुत्त-मोग्गल्लानांच्याही हाती मी संघ देणार नाही, मग तुझ्यासारख्याच्या कसा देईन. आणि त्यांनी त्याच्यासाठी थुंकीशी जोडलेला एक कठोर शब्द वापरला. राजासमोर आपला अपमान झाला आणि सारिपुत्त-मोग्गल्लानांचा मोठेपणा झाला, असे मनात घेऊन देवदत्त नमस्कार करून निघून गेला. ही ती पहिली अढी.

वर्गात हा प्रसंग सांगताना तो कठोर शब्द आम्ही नेहमी गाळीत आलो. तथागतांच्या तोंडी तो शोभत नाही, असे वाटे. पण त्या काळच्या लोकांनाही तो टोचला होता. मज्झिमनिकायात अभय राजकुमाराचे सुत्त आहे. निगंठ नातपुत्ताने शिकवून पाठविलेला हा राजकुमार विचारतो, की दुसऱ्याला अप्रिय वाटेल असे तथागत बोलतात काय, कारण देवदत्त त्यांच्या बोलण्याने फार रागावला आहे. राजकुमाराच्या मांडीवर त्या वेळी तान्हे मूल होते. तथागतांनी उलट विचारले, की या मुलाने तोंडात काडी किंवा खडा घातला तर तू काय करशील. बोट घालून काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला मुलाची दया आहे, असे तो म्हणाला. देवदत्ताच्या तोंडातला खडा मात्र निघाला नाही.

त्याची मागणी का नाकारली गेली, हे बाबासाहेबांच्या ग्रंथामुळे आम्हांला कळले. तथागतांनी आपला वारस कोणालाही नेमला नाही. धम्म हाच धम्माचा वारस. शाक्यकुळात भावकीचा हक्क होता, संघात तो नव्हता. देवदत्त न्हाव्यापुढे वाकला तेव्हा त्याने कुळाचा गर्व सोडला होता, आणि सभेत हात जोडून उभा राहिला तेव्हा तो कुळाचाच वाटा मागत होता, असे आम्हांला वाटते.

यानंतर संघाने राजगृहात जाहीर केले, की यापुढे देवदत्त जे करील ते त्याचे एकट्याचे, त्यात बुद्ध, धम्म, संघ नाही. हे सांगण्याचे काम सारिपुत्तांवर आले. ज्याची स्तुती केली त्याच्याविरुद्ध आता काय बोलू, असा त्यांना संकोच वाटला. तेव्हा जे होते ते खरे होते, आणि आताचे आहे तेही खरे आहे, असे त्यांना समजावण्यात आले. गावात याची जी प्रतिक्रिया झाली, ती वाचून आम्ही थक्क झालो. काही लोक म्हणू लागले, की हे शाक्यपुत्रीय श्रमणच मत्सरी आहेत, देवदत्ताचा सत्कार यांना पाहवत नाही.

मग त्याने दुसऱ्याच्या घरात आग लावली. पूर्वी माणसे दीर्घायुषी होती, आता आयुष्य थोडे आहे, राजपुत्र असतानाच मरशील, तर तू बापाला मारून राजा हो, मी बुद्धाला मारून बुद्ध होतो, असे त्याने अजातशत्रूला भरविले. मांडीला खंजीर बांधून बापाच्या महालात शिरलेला मुलगा पकडला गेला. बिंबिसाराने सगळे ऐकून घेतले आणि राज्यच त्याच्या हवाली केले. तरी भागले नाही. अट्ठकथा सांगतात, की त्याने बापाला कोठडीत उपाशी ठेवले. राणी लपवून अन्न नेई, तीही वाट बंद केली. बिंबिसार मेला त्याच दिवशी अजातशत्रूला मुलगा झाला, आणि मुलाविषयी वाटणारी माया काय असते ते कळल्यावर त्याने बापाला सोडण्याची आज्ञा दिली, पण उशीर झाला होता. जीवकाच्या आम्रवनात त्याने तथागतांपुढे पितृहत्येची कबुली दिली, ते दीघनिकायातील सामञ्ञफल सुत्तात आहे. महावंसाप्रमाणे त्याच मुलाने, उदायीभद्दाने, पुढे अजातशत्रूला ठार केले. बापाला मारण्याची ही रीत पिढ्यानपिढ्या चालली, तेव्हा लोकांनीच ते घराणे हटवून शिशुनागाला गादीवर बसविले.

स्वतः देवदत्ताने मारेकरी पाठविले. एकाला मारण्यासाठी दोन, त्या दोघांना मारण्यासाठी चार, अशी सोळांपर्यंत साखळी लावली. पहिलाच तथागतांपुढे थरथर कापत उभा राहिला आणि शरण आला. मग गृध्रकूटावरून शिळा लोटली, तिची कपची पायाला लागून रक्त निघाले. मग नालागिरी. त्या हत्तीच्या प्रसंगानंतर मात्र राजगृहाचे लोक उघडपणे फिरले आणि पाचशे भांड्यांचा धनी आपल्या चार साथीदारांसह घरोघर अन्न मागत हिंडू लागला.

येथवरची हकिकत राजवाड्यांतील कोणत्याही भाऊबंदकीसारखी आहे. पुढचा भाग तिच्यापेक्षा वेगळा आहे आणि आम्हांला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. आता देवदत्ताने तत्त्वाची भाषा घेतली. कोकालिक वगैरे साथीदारांना घेऊन तो तथागतांकडे गेला आणि पाच नियम मागितले. भिक्खूंनी जन्मभर अरण्यातच राहावे, भिक्षेवरच जगावे, चिंध्यांचेच चीवर नेसावे, झाडाखालीच राहावे, मासे व मांस खाऊ नये. तथागत म्हणाले, की ज्याला हवे त्याने तसे राहावे, सक्ती नाही. झाडाखाली आठ महिने राहण्यास मुभा आहेच, आणि आपल्यासाठी मारल्याचे पाहिलेले, ऐकलेले वा संशयित नसेल असे मासे व मांस वर्ज्य नाही. हा नकार ऐकून देवदत्त आनंदित झाला, असे विनय सांगतो. मागणी मान्य व्हावी म्हणून ती केलीच नव्हती.

त्या एका शब्दावर आम्ही फार वेळ थांबलो. आमच्या धाकट्या भावाने काही वर्षांपूर्वी शहरात घर बांधले. तो आमच्यापेक्षा कमी शिकला, अधिक कमावू लागला. गृहप्रवेशाला सासरच्या मंडळींच्या आग्रहाने सत्यनारायण ठेवल्याचे कानावर आले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आमच्यासारख्याने तेथे जाणे शक्य नव्हते, आणि आम्ही गेलो नाही. कारण खरे होते, आजही आम्ही तेच करू. पण ते कारण हाती लागल्याचा जो आनंद त्या दिवशी झाला, तो आम्ही आजवर घरातही कोणाला सांगितला नव्हता. ही स्मरणिका त्याच्या पत्त्यावर जाणार आहे.

चळवळीविषयीही एक वाक्य लिहिणे भाग आहे. १९५७ साली स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष थोड्याच वर्षांत फुटला आणि पुढे फुटतच राहिला. प्रत्येक गटापाशी त्याच्या त्याच्या पाच मागण्या होत्या, आणि त्यांतील पुष्कळशा चांगल्याही होत्या.

काही आधुनिक अभ्यासक म्हणतात, की देवदत्त खरोखर कडक व्रताचा अरण्यवासी भिक्खू असावा आणि विहारात राहणाऱ्यांनी त्याला मागाहून काळे फासले असावे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्ही हे झटकून टाकीत नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेल्या फाहियानाने श्रावस्तीकडे देवदत्ताचे अनुयायी असल्याचे लिहून ठेवले आहे. ते पूर्वीच्या तीन बुद्धांना मानीत, शाक्यमुनींना मानीत नसत. सातव्या शतकात ह्युएन त्संगाला बंगालमधील कर्णसुवर्ण येथे देवदत्ताच्या शिकवणीप्रमाणे दूधदुभते वर्ज्य करणारे तीन विहार आढळले. हजार वर्षे टिकलेल्या पंथाच्या मुळाशी नुसता खलपुरुष नसतो. पण माणूस व्रताला खरा आणि भावाला खोटा असू शकतो. एकाने दुसरे पुसले जात नाही.

उपोसथाच्या दिवशी देवदत्ताने आपल्या पाच नियमांवर मतदान घेतले. संघात त्यासाठी शलाका वाटीत. संघाच्या याच कार्यपद्धतीचा दाखला बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. वेसालीचे पाचशे नवे भिक्खू, ज्यांना अजून फारसे काही कळत नव्हते, त्यांनी शलाका उचलल्या आणि ते त्याच्यामागून गयासीस पर्वतावर गेले. सारिपुत्त आणि मोग्गल्लान तेथे पोहोचले, तेव्हा तेही आपल्याकडे आले असे समजून देवदत्त हरखला. कोकालिकाने सावध केले, ते त्याने ऐकले नाही. रात्री उशिरापर्यंत उपदेश करून तो म्हणाला, की माझी पाठ भरून आली आहे, सारिपुत्ता, तू पुढे बोल. तथागतही वृद्धापकाळी असेच म्हणत आणि सारिपुत्तांवर काम सोपवीत. तो त्यांच्याप्रमाणेच उजव्या कुशीवर निजला. त्याला गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा पाचशे भिक्खू परत गेलेले होते, आणि त्याच्या तोंडातून ऊन रक्त आले.

परत आलेल्यांना पुन्हा दीक्षा द्यावी काय, असे सारिपुत्तांनी विचारले. चूक कबूल करावी, तेवढे पुरे, असे उत्तर मिळाले.

देवदत्ताच्या शेवटाची हकिकत अट्ठकथांत येते. तो नऊ महिने अंथरुणाला खिळला होता. मग तथागतांना भेटण्याची इच्छा झाली आणि साथीदारांनी त्याला डोलीत घालून श्रावस्तीपर्यंत नेले. जेतवनाजवळच्या तळ्याकाठी डोली उतरविली, त्याने जमिनीवर पाय ठेवला आणि जमिनीने त्याला गिळले, असे सांगतात. जमीन माणसाला गिळत नाही. आजारी माणूस वाटेत मरतो, आणि भेट राहून जाते. बुडता बुडता त्याने तथागतांनाच शरण गेल्याचे त्याच अट्ठकथा सांगतात, आणि सद्धर्मपुंडरीक सूत्रात तर तो पुढे बुद्ध होईल असे भविष्य आहे. एवढ्या वैरानंतरही बौद्ध परंपरेने त्याला कायमचे बाहेर ठेवलेले नाही.

अपदान नावाच्या ग्रंथात थेरांची आत्मकथने आहेत. त्यांतील एक उपालीच्या नावावर आहे, ज्याच्यापुढे अनुपियाला देवदत्त वाकला होता त्याच न्हाव्याच्या. ठार मारायला निघालेला देवदत्त, लुटारू अंगुलिमाल, राहुल आणि तो हत्ती, या सर्वांविषयी मुनींचे मन सारखेच होते, असे तेथे म्हटले आहे. मामा आणि भाचा त्यात एकाच ओळीत येतात.